अकोले नगरपंचायत : निवडणुकीआधी आपल्या घरात काय तपासायचं?

निवडणूक म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टींची चर्चा होते. कोण उभा आहे आणि कोण कुणाबरोबर आहे. चहाच्या टपरीवर, जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर, लग्नाच्या दावतीत, सगळीकडे हेच. पण मतदानाच्या दिवशी केंद्रावर गेल्यावर कळतं की अम्मीचं नाव यादीत नाही, भाभीचं नाव माहेरच्या गावात आहे आणि मुलाचं नाव दुसऱ्याच प्रभागात गेलंय. मग आपण यंत्रणेला नावं ठेवत घरी येतो. मागच्या वेळी आमच्याच एका घरातली पाच मतं दोन प्रभागांत विभागली गेली होती. चूक यादीतली होती, पण यादी वेळेत बघितली नाही ही चूक आमची होती.

अकोले नगरपंचायतीचा मागचा निकाल १९ जानेवारी २०२२ रोजी लागला. सभागृहाची मुदत पाच वर्षांची असते, म्हणजे २०२७ च्या सुरुवातीला ती संपते. प्रभाग, आरक्षण आणि मतदार यादी ही सगळी कामं मतदानाच्या कितीतरी आधी उरकतात. म्हणून हा लेख आत्ताच लिहितोय. कुणाला मत द्यायचं हे आम्ही सांगणार नाही. मत देता यावं आणि उभं राहायचं असेल तर उभं राहता यावं, यासाठी काय लागतं एवढंच सांगणार आहोत.

मागच्या वेळी काय झालं होतं?

राज्यातल्या शंभराहून जास्त नगरपंचायतींसाठी २१ डिसेंबर २०२१ रोजी मतदान झालं. आपल्या जिल्ह्यात अकोल्यासोबत कर्जत, पारनेर आणि शिर्डीची निवडणूक लागली होती. पण मतदानाला दोन आठवडे राहिले असताना, ६ डिसेंबरला, सुप्रीम कोर्टाने ओबीसींसाठी राखीव जागांची निवडणूक थांबवली. नंतर त्या जागा सर्वसाधारण करून १८ जानेवारी २०२२ रोजी त्यांचं वेगळं मतदान घेतलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी सगळी मतमोजणी एकत्र झाली. अकोल्यात १७ पैकी १२ जागा भाजपला मिळाल्या. राष्ट्रवादी आणि शिवसेनेला प्रत्येकी दोन, तर काँग्रेसला एक.

म्हणजे त्या वर्षी ओबीसी दाखल्यावर अर्ज भरणाऱ्यांचं आरक्षण ऐनवेळी गेलं. पुढे बांठिया आयोगाचा अहवाल आला आणि जुलै २०२२ मध्ये कोर्टाने आरक्षणासह निवडणुकांना परवानगी दिली. मे २०२५ मध्ये कोर्टाने रखडलेल्या निवडणुका घ्यायला सांगितलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींची निवडणूक झाली. अकोल्याची मुदत बाकी असल्यामुळे आपला नंबर त्यात नव्हता.

या वेळी दोन मतं

२०२२ मध्ये आपण फक्त नगरसेवक निवडला होता. नगराध्यक्ष नंतर नगरसेवकांनी आपल्यातून निवडला. त्याच वर्षी कायदा बदलला. आता नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो. त्यामुळे नगरपंचायतीच्या मतदाराला दोन मतं असतात, एक आपल्या प्रभागाच्या नगरसेवकासाठी आणि एक नगराध्यक्षासाठी. ही गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना नीट समजावून सांगा. एक बटण दाबून परत फिरायचं नाही. आणि कुणीच पसंत नसेल तर ‘नोटा’चं बटणही असतं.

एका मताला किती वजन असतं तेही बघा. नगरपंचायत साधारण दहा ते पंचवीस हजार लोकवस्तीच्या गावासाठी असते. त्याचे सतरा भाग केले तर एका प्रभागात सहाशे ते दीड हजार माणसं येतात. त्यातली लहान मुलं वगळा, मतदानाला न येणारे वगळा, उरलेली मतं तीन-चार उमेदवारांत वाटून टाका. विधानसभेला एका घराची पाच मतं समुद्रात थेंबासारखी असतात. नगरपंचायतीला त्याच पाच मतांवर निकाल फिरू शकतो.

नगरसेवकाकडे काय मागायचं, काय नाही?

पाणी, गटार, कचरा, गल्लीतले रस्ते, दिवाबत्ती, बाजाराची जागा, बांधकाम परवानगी, घरपट्टी, जन्म-मृत्यूच्या नोंदी ही नगरपंचायतीची कामं आहेत. कब्रस्तानाकडे जाणारा रस्ता, तिथला दिवा, पाण्याची सोय यासाठीही तिथे अर्ज करता येतो. पण रेशनकार्ड तहसीलचं काम आहे. जमीन वक्फची असेल तर तिच्या नोंदीसाठी वक्फ मंडळाकडे जावं लागतं. नगरसेवक यात मदत करू शकतो, सोबत येऊ शकतो, पण सही त्याची नसते.

हे माहीत नसलं की दोन्हीकडून फसवणूक होते. उमेदवार भलतीच आश्वासनं देतो आणि आपण भलत्याच कामासाठी पाच वर्षं त्याच्या दारात चकरा मारतो. त्यापेक्षा प्रचाराला आलेल्याला सरळ विचारा, ‘आमच्या गल्लीच्या गटारीचं काम कोणत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात घेणार?’ उत्तरावरूनच माणूस कळतो.

यादी : सगळ्यात आधीचं काम

ही निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. पण त्याची स्वतःची वेगळी यादी नसते. विधानसभेचीच यादी एका ठरलेल्या तारखेला घेतात आणि प्रभागांप्रमाणे फोडतात. विधानसभेच्या यादीत नाव नसेल तर नगरपंचायतीच्या यादीत ते येणारच नाही. प्रारूप यादी लागल्यावर हरकत घेता येते, पण ती चुकीचा प्रभाग, राहून गेलेलं नाव अशा दुरुस्तीसाठी. अगदी नवीन नाव त्या वेळी घुसवता येत नाही. बहुतेक लोक नेमके इथेच चुकतात.

म्हणून अकोले विधानसभेच्या यादीत आपलं नाव आजच बघा. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता किंवा नावातल्या दुरुस्तीसाठी नमुना ८ आणि नाव वगळण्यासाठी नमुना ७ असतो. १८ वर्षं पूर्ण होण्यासाठी आता वर्षात चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. ‘पुढच्या जानेवारीत बघू’ म्हणून मुलामुलींची नावं लांबवू नका.

आपल्या घरांत काही चुका पुन्हा पुन्हा दिसतात :

– लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरीच राहतं. सासरी नोंद करताना जुन्या कार्डाचा नंबर द्या, म्हणजे दोन ठिकाणी नाव राहणार नाही. दोन ठिकाणी नाव ठेवणं हा गुन्हा आहे.

– नावाचं स्पेलिंग. एका कागदावर सय्यद, दुसऱ्यावर सैय्यद. आधारवर नुसतं ‘शबाना’, यादीत ‘शबानाबी’, शाळेच्या दाखल्यावर ‘शबाना बेगम’. माणूस एकच, कागद तीन. शक्य तेवढे कागद एकसारखे करून घ्या.

– घर बदललं पण पत्ता जुनाच. मग मत जुन्या प्रभागात जातं.

– इंतकाल झालेल्यांची नावं तशीच राहतात. आपल्या मरहूम वडिलांच्या नावावर दुसरं कुणी मत देऊन जाऊ नये, एवढ्यासाठी तरी नमुना ७ भरा.

पर्दानशीन महिलांनी मतदानाला जायला संकोच करू नये. ओळख पटवणं हे कर्मचाऱ्यांचं काम आहे आणि ते महिला कर्मचाऱ्यामार्फत, आडोशाला करून घ्या असं म्हणता येतं. ओळखपत्र सोबत ठेवा म्हणजे वाद होत नाही.

उभं राहायचं असेल तर

वय २१ पूर्ण हवं आणि नाव त्याच नगरपंचायतीच्या यादीत हवं. याशिवाय काही अटींवर अर्ज उडतो. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल तर अपात्रता येते. मागणी होऊनही घरपट्टी-पाणीपट्टी थकवली, नगरपंचायतीच्या कामाच्या ठेक्यात स्वतःचा हिस्सा असला, तरी तेच. निवडून आल्यावर स्वतःचं, बायकोचं किंवा नवऱ्याचं बेकायदा बांधकाम निघालं तर पद जाऊ शकतं. आणि निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावाच लागतो. हरलेल्यालासुद्धा. तो न दिल्यामुळे पुढची निवडणूक हुकलेले लोक कमी नाहीत.

निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. आपल्याकडे अशा जागेवर उमेदवार शोधताना आधी नवरा ठरतो, मग बायकोचा फोटो लागतो. आम्हाला हे सरळ बोलायचं आहे. बचत गट चालवणारी, शाळेत पालकसभेला उभी राहून बोलणारी, दवाखान्यात चार बायकांना घेऊन जाणारी आपा प्रत्येक मोहल्ल्यात असते. पाण्याचा नळ किती वाजता येतो आणि किती वाजता जातो हे तिच्याइतकं कुणाला माहीत असतं? तिला विचारा.

जातीचा दाखला : इथे खरी अडचण

बागवान, तांबोळी, अत्तार, मन्यार, पिंजारी, मोमीन, कुरेशी अशा अनेक मुस्लिम जमाती महाराष्ट्रात ओबीसी यादीत आहेत. १९९० च्या दशकात जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ राज्यभर नेली आणि त्यामुळे अनेक घरांना आपला हक्क पहिल्यांदा कळला. हे आरक्षण धर्मावर नाही, व्यवसायाने ओळखल्या जाणाऱ्या मागास जमातींना आहे, हा फरक लक्षात ठेवा.

अडचण कागदाची आहे. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आणि आपल्या बापदाद्यांच्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं. आडनाव शेख किंवा पठाण, धंदा पिंजाऱ्याचा, पण कागद काहीच बोलत नाही. अशा वेळी आजोबांच्या भावांचे, चुलत्यांचे, आत्याचे शाळेचे दाखले शोधावे लागतात. गाव नमुना १४ मधल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, जमिनीचे जुने कागद, खरेदीखतं यांत कुठेतरी ‘पिंजारी’ किंवा ‘तांबोळी’ असा एक शब्द सापडतो आणि सगळ्या खानदानाचं काम होतं. त्यासोबत वंशावळ जुळवावी लागते.

दाखला उपविभागीय अधिकाऱ्याकडून मिळतो, अकोल्यासाठी ते कार्यालय संगमनेरला आहे. त्यानंतर जिल्हा जात पडताळणी समितीकडून वैधता घ्यावी लागते. राखीव जागेवर निवडून येऊन वैधता ठरलेल्या मुदतीत दिली नाही, तर निवडच रद्द होते. पाच वर्षांची मेहनत एका कागदापायी जाते. या कामाला महिने लागतात, ते अर्ज भरायच्या आठवड्यात होत नाही. आणि तोच दाखला मुलांच्या ॲडमिशनला, शिष्यवृत्तीला लागतो. निवडणूक लढवा अथवा न लढवा, हा कागद घरात असलाच पाहिजे.

इंग्लंडचं एक उदाहरण

आपल्यापैकी काहींचे, विशेषतः कोकणातल्या घरांचे, नातेवाईक इंग्लंडात आहेत. तिथेही शहराच्या भागांच्या कौन्सिलसाठी अशीच निवडणूक होते. नुसत्या लंडनमध्ये असे ३२ बरो आहेत. कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही तिथे मत देता येतं, कारण भारत राष्ट्रकुलात आहे. तरी अनेकांना हे माहीतच नसतं. २०२३ पासून तिथे केंद्रावर फोटो ओळखपत्र सक्तीचं झालं आहे.

त्यातल्या टॉवर हॅम्लेट्स भागात बांगलादेशी मुस्लिमांची मोठी वस्ती आहे. लुत्फुर रहमान तिथे २०१४ मध्ये महापौर म्हणून निवडून आले, पण एप्रिल २०१५ मध्ये निवडणूक न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली. गैरप्रकारांत एक ठपका असाही होता की इमामांच्या नावाने निघालेल्या पत्रातून मतदारांवर धार्मिक दबाव आणला गेला. त्यांच्यावर बंदी आली. बंदी संपल्यावर २०२२ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि निवडूनही आले.

आपल्याकडे २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने धर्म, जात, भाषा यांच्या नावाने मत मागणं हा भ्रष्ट मार्ग ठरवला. आचारसंहितेप्रमाणे मशीद, मंदिर, कुठल्याच प्रार्थनास्थळाचा वापर प्रचारासाठी करता येत नाही. म्हणून मशिदीच्या माईकवरून उमेदवाराचं नाव नको. जमातीच्या ट्रस्टींनी ‘सगळी मतं अमक्याला’ असा शब्द परस्पर देऊन टाकणंही नको. मत ज्याचं त्याचं असतं, मोहल्ल्याचं ठोक भावाने विकायचं नसतं. मशिदीबाहेर एक टेबल लावून यादीतली नावं तपासून दिली, नमुना ६ भरून दिला, तर ते मात्र चांगलं काम आहे. त्यात कुणाच्या पक्षाचा संबंध नाही.

आज रात्री एवढं करा

जेवणं झाल्यावर घरातल्या सगळ्यांची मतदार कार्डं एका जागी काढा. मोबाइलवर प्रत्येकाचं नाव यादीत बघा. ज्याचं सापडलं नाही त्याचं नाव कागदावर लिहा. घरपट्टीची पावती आणि अब्बांचा किंवा दादांचा शाळेचा दाखला कुठे आहे ते विचारा. सापडला तर दोन झेरॉक्स काढून ठेवा, नाही सापडला तर त्यांच्या शाळेचं नाव लिहून ठेवा आणि सुट्टीच्या आधी तिथे जाऊन या.

नंतर शेजारच्या खालांचं दार वाजवा. त्या एकट्या राहतात आणि त्यांचं नाव यादीत आहे का, हे बहुतेक कुणी बघितलेलं नसतं.