मुलांच्या चित्रपुस्तकातील कुस्ती

मुलांसाठी कुस्तीचे चित्रपुस्तक काढताना शेवटचाच क्षण रंगविण्याचा मोह होतो : एक मल्ल चितपट, दुसरा लोकांच्या खांद्यावर. परंतु कुस्ती त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. तालमीत लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मिसळून हौदा तयार होतो. जत्रेत प्रथम लहानग्यांच्या, रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. बालवाचकाला स्वतःची जागा येथेच सापडते. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणाऱ्या खाशाबा जाधवांची गोष्टही गोळेश्वरच्या मातीपासूनच सांगावी लागते. आणि हलगीवाला? त्याच्या तालाविना मैदानाला रंग चढत नाही. तो चित्रातून वगळला, तर मुलाला कुस्ती दिसेल. ती उभी करणारे गाव दिसणार नाही.