जवसाच्या तेलातील शिकार

मारलेला ससा, उलटे टांगलेले तितर, रानडुकराचे मुंडके आणि खाटकाच्या फळीवरील मांस हे विषय तैलरंगातील स्थिरचित्रांत सोळाव्या-सतराव्या शतकांत फ्लँडर्स आणि हॉलंडमध्ये रूढ झाले. पीटर आर्ट्सेनचे १५५१ मधील मांसाच्या दुकानाचे चित्र त्यांतील आरंभीचे, तर अँटवर्पच्या फ्रान्स स्नायडर्सची (१५७९–१६५७) चित्रे सर्वांत भरगच्च होत. शिकार हा मुख्यतः सरदारांचा मान असल्याने असे चित्र भिंतीवर असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण ठरले.

ही कला ज्या तेलावर उभी आहे, त्याचे पीक नांदेड-लातूरच्या काळ्या रानातही येते. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून चिवट पापुद्रा धरते, म्हणून त्यात खललेला रंग टिकतो. करडईचे तेल सावकाश वाळते, परंतु कमी पिवळे पडत असल्याने ते पांढऱ्या रंगासाठी वापरतात. रब्बीच्या या दोन पिकांचे चित्रकलेशी असलेले नाते मराठवाड्यात फारसे सांगितले जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

मांसाचा ओलसरपणा एकाच लाल रंगाने साधत नाही. आधी पांढरा आणि हिंगुळ यांचा अपारदर्शक थर देतात. तो वाळला, की मंजिष्ठेच्या जातीतील मुळांपासून केलेल्या पारदर्शक लाल रंगाचा पातळ हात फिरवतात, आणि प्रकाश त्या थरातून आत शिरून खालच्या फिकट थरावरून परतत असल्याने मांस आतून ओले भासते. वरच्या थरात तेलाचे प्रमाण खालच्यापेक्षा अधिक ठेवावे लागते, अन्यथा तडे जातात. सशाची लव केसागणिक रंगवलेली नसते. राखट तपकिरी अस्तर ओले असतानाच कोरड्या कुंचल्याने कडा पुसट करून कान आणि पोट येथे मोजकेच केस काढतात. रेम्ब्रांने १६५५ च्या टांगलेल्या बैलाच्या चित्रात चरबी जाड रंगाच्या उठावानेच उभी केली.

निजामी मराठवाड्याच्या राज्यकर्त्यांची शिकार कुंचल्यापेक्षा कॅमेऱ्याने जपली. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या शिकारींची राजा दीनदयाळ यांनी काढलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रानातला ससा चित्रासाठी मांडता येत नाही, आणि शासकीय रेखाकला परीक्षेच्या इंटरमिजिएटमध्ये स्थिरचित्रासाठी मुलांसमोर भांडी, फळे, भाज्या आणि कापडच येते. तैलरंगाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने, फ्रेंच चित्रकार शार्दाँने १७२८ च्या सुमारास समुद्रातला पाकट मासा घेतला तसा, गोदावरीतला मरळ घ्यावा. मात्र त्याची चकाकी काही तासांत उतरत असल्याने प्रकाशाचे ठिपके पहिल्याच बैठकीत नोंदवून ठेवावेत आणि पार्श्वभूमी नंतर भरावी.