पाठपोट सांगितलं, तरी एकाच बाजूने

जूनमध्ये वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, कुठल्याही तालुक्याच्या गावी सेवा केंद्रापुढे गर्दी असते. कुणाला पीककर्जासाठी सातबारा आणि आठ-अ हवा असतो, कुणाला मुलांच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रीमीलेअरचा दाखला. अशा वेळी एकेक फाइल उघडून, खिडकीतलं बटण दाबून प्रिंट काढणं परवडत नाही. हुशार चालक मग चार ओळींची आज्ञावली लिहून ठेवतात: फोल्डरमधल्या सगळ्या पीडीएफ एकामागून एक प्रिंटरला पाठवायच्या. नेमका तिथेच घोळ होतो. प्रिंटरच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ए-फोर कागद आणि पाठपोट छपाई निवडलेली असते, हाताने प्रिंट दिली की तशीच निघते. आज्ञेने दिली की एकाच बाजूने, कधी लेटर मापाने.

लेटरचा कागद ए-फोरपेक्षा सुमारे १८ मिलिमीटर आखूड असतो. ए-फोरची फाइल लेटरच्या मापात गेली, तर मजकूर बारीक होतो किंवा तळाची पट्टी कापली जाते. दाखल्याच्या तळाशी सही किंवा पडताळणीचा क्रमांक असेल, तर माणसाला पुन्हा रांगेत यावं लागतं. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याचं शुल्क १५ रुपये. खेड्यावरून येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी त्याहून कितीतरी जास्त. म्हणून हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही.

दोष बहुतेक वेळा प्रिंटरचा नसतो. आपण संगणकावर निवडलेली पसंती एरवी प्रिंटरच्या पोटात साठत नाही. प्रत्येक छपाईसोबत एक चिठ्ठी जाते: कागद कोणता, बाजू किती, रंग हवा की नको. ही चिठ्ठी प्रिंट देणारा प्रोग्राम तयार करतो. पडद्यावरची खिडकी ती भरताना तुमची पसंती वाचते. आज्ञेने चालणारा प्रोग्राम ती वाचेलच असं नाही.

विंडोजमध्ये तर पसंती दोन ठिकाणी असते, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ ही ज्या खात्याने लॉग-इन केलं त्याच्यापुरती. प्रिंटर प्रॉपर्टीजच्या ‘ॲडव्हान्स्ड’ पानावरचे ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’ हे त्या यंत्रावरच्या सगळ्यांसाठीचे मूळ ठराव. आज्ञावली टास्क शेड्युलरमधून ‘सिस्टिम’ खात्याने चालवली, तर तुमच्या खात्यातली निवड तिला दिसतच नाही. अशा कामासाठी पाठपोट आणि ए-फोर दोन्ही ‘डिफॉल्ट्स’मध्ये ठरवावं. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे आज्ञेतच सगळं लिहिणं. सुमात्रा पीडीएफसारख्या फुकट प्रोग्राममध्ये प्रिंटच्या आज्ञेला कागदाचं माप, बाजू आणि प्रतींची संख्या जोडता येते.

फाइल थेट पोर्टवर टाकण्याची रीत वेगळीच. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला, त्या काळात डॉसवरचे हिशेबाचे प्रोग्राम डॉट मॅट्रिक्सला असाच मजकूर पाठवत. त्यात ड्रायव्हर मध्ये येतच नाही, त्यामुळे ड्रायव्हरमधली पसंतीही येत नाही. अक्षर बारीक हवं तर मजकुराआधी १५ क्रमांकाचा संकेत पाठवायचा. एप्सनच्या पद्धतीत २७ आणि ६४ ही जोडी पाठवली की प्रिंटर मूळ स्थितीत येतो. देवनागरी युनिकोड फाइल अशी थेट ढकलली, तर साध्या डॉट मॅट्रिक्सवर नुसती चिन्हांची रास उमटते, कारण त्याच्या अंगच्या अक्षरांत मराठी नाही.

लिनक्सवाल्यांनाही यातून सुटका नाही. ई-कोर्ट्स प्रकल्पामुळे देशभरच्या जिल्हा न्यायालयांत उबंटू लिनक्स पोहोचलं आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १ एप्रिल २०२० पासून ए-फोर कागद आणि पाठपोट छपाई स्वीकारली, त्यामुळे न्यायालयीन कागदांना पाठपोटाचं महत्त्व वाढलं. उबंटूवर छपाई ‘कप्स’ नावाची यंत्रणा सांभाळते. ‘एलपी’ या आज्ञेने फाइल पाठवताना कप्स आधी सर्व्हरवरचे ठराव धरते, त्यावर ‘एलपीऑप्शन्स’ने नोंदवलेले पर्याय आणि सर्वांत वर प्रत्यक्ष आज्ञेत लिहिलेले. ‘एलपीऑप्शन्स’ साध्या खात्यातून चालवलं, तर नोंद त्या खात्यापुरती होते. प्रशासकाच्या अधिकाराने चालवलं, तर सगळ्यांसाठी. एका खात्यात ठरवून दुसऱ्यातून प्रिंट दिली की ठरवलेलं गायब झाल्यासारखं वाटतं. छपाईच्या खिडकीत निवडलेले पर्याय तर पुष्कळदा त्या प्रोग्रामजवळच राहतात, ‘एलपी’पर्यंत पोहोचत नाहीत. आणि आज्ञेत ‘रॉ’ हा पर्याय असेल, तर कप्सचे फिल्टर टाळून फाइल जशीच्या तशी जाते. मग बाकीचे पर्याय लिहूनही उपयोग नसतो.

शोध घ्यायचा तर दोन पानांची फाइल घ्यावी आणि आज्ञेतच पाठपोट लिहून ती पाठवावी. नीट उमटली, तर प्रिंटर आणि ड्रायव्हर ठीक आहेत. पसंती चुकीच्या खात्यात किंवा चुकीच्या प्रोग्रामजवळ बसली आहे. तरीही एकाच बाजूने आली, तर ड्रायव्हरच्या जोड-यंत्रांच्या यादीत ‘डुप्लेक्स युनिट’पुढे ‘बसवलेले नाही’ असं असतं का ते पाहावं. यंत्रात सोय असूनही ही नोंद तशीच राहिलेली असते, आणि मग ड्रायव्हर पाठपोटाची सूचना प्रिंटरपर्यंत जाऊच देत नाही.