सापडलेल्या जिनसेचा धनी

बल्लारपूरहून आष्टीकडे जाणाऱ्या मार्गावरील गोंडपिपरीसारख्या तालुक्याच्या गावी, धानाच्या बांध्यांतला आणि अरण्यवाटांचा चिखल अंगावर घेऊन आलेले वाहन वॉशिंग सेंटरवर धुतले जात असता, आसनाखालून एखादे कर्णभूषण वा सातबाऱ्याचा उतारा निघावा आणि मालक मात्र तोवर निघून गेलेला असावा, हे सहज संभवनीय आहे. अशा जिनसेविषयी १८७२च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७१ सांगते की, परक्याची वस्तू सापडून जो ती ताब्यात घेतो, त्याच्यावर विश्वासाने सोपवलेला माल सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. म्हणजे सामान्य विवेकाचा मनुष्य स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी त्याने घेतली पाहिजे. मालकाचा शोध व सांभाळ यांचा खर्च मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा अधिकार कलम १६८ देते. परंतु विक्रीची मुभा कलम १६९ अन्वये, मालक रीतसर शोधूनही न सापडल्यास किंवा त्याने वाजवी खर्च नाकारल्यास, आणि तीही वस्तू नाश पावण्याचा वा तिचे बहुतांश मूल्य घटण्याचा धोका असेल किंवा खर्च तिच्या किमतीच्या दोन-तृतीयांशांपर्यंत पोहोचला असेल तरच आहे. म्हणून दिनांक, वाहनक्रमांक व वस्तूचे वर्णन नोंदवहीत लिहावे, ओळख पटवून पावतीवरच वस्तू परत करावी, आणि मौल्यवान बेवारस जिनसेची वर्दी पोलीस ठाण्यात द्यावी, यातच व्यावसायिकाचे हित आहे.