अक्षरं अक्षरंच राहू द्या

डिझायनरकडून फाइल आली की मी ती लगेच उघडत नाही. आधी नावातल्या टिंबापुढची अक्षरं बघते. सीडीआर, पीएसडी, पीडीएफ, जेपीजी... एवढ्यावरून पुढचे दिवस कसे जाणार याचा बराचसा अंदाज येतो. मजकूर टाइप केलेला आहे की त्याचं चित्र झालंय, लोगो रेषांचा आहे की ठिपक्यांचा, फोटो छपाईच्या रंगांत आहेत की पडद्याच्या, हे बरंचसं तिथेच कळतं.

मी पुण्यात वेबसाइट बनवते. माझ्याकडे येणारा मराठी मजकूर बहुतेकदा आधी छापखान्यासाठी तयार झालेला असतो: दिवाळी अंक, प्रकाशकांच्या सूची, संस्थांचे वार्षिक अहवाल. तो ज्यांच्या हातून येतो ते मांडणीकार कोरल ड्रॉवर वर्षानुवर्षं बसलेले, नजर पक्की असलेले लोक आहेत. शीर्षक एक मिलिमीटर खाली सरकलं तरी त्यांना खुपतं. मात्र त्यांची फाइल कागदाकडे निघालेली असते आणि मला ती मोबाइलच्या पडद्यावर न्यायची असते.

एका दिवाळी अंकाचं उदाहरण घेते. अंक छापून झाला, आता लेख वेबसाइटवर टाकायचे होते. मांडणीकारांनी सीडीआर फाइल पाठवली. लेखातला एक परिच्छेद उचलून ब्राउझरमध्ये चिकटवला तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांची खिचडी समोर आली. मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये होता.

श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. ती आणि सीडॅकची आयएसएम यांसारख्या प्रणालींवर मराठी डीटीपी उभं राहिलं. त्या काळात एका फाँटमध्ये फार तर २५६ घरं मिळत. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या त्या घरांत मराठी आकार बसवले गेले. म्हणजे फाइलमध्ये साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर आणि फाँट लावला की दिसतं मराठी. फाँट काढला की मराठी संपलं. युनिकोडमध्ये तसं होत नाही. तिथे देवनागरीला ०९०० ते ०९७एफ अशी स्वतःची जागा आहे आणि फाँट कोणताही लावला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो.

जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर आहेत, पण त्यांचं काम दिसतं तितकं सरळ नाही. ‘निर्मिती’ हा शब्द घ्या. जुन्या पद्धतीत तो डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठवला जातो: पहिली वेलांटी, मग न, पुन्हा वेलांटी, म, त्यावरचा रफार, मग त आणि दुसरी वेलांटी. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: न, वेलांटी, र, हलंत, म, वेलांटी, त, दुसरी वेलांटी. कन्व्हर्टरला प्रत्येक पहिली वेलांटी उचलून अक्षरामागे न्यावी लागते आणि प्रत्येक रफार अक्षराआधी आणावा लागतो. मराठीचा खास ‘ऱ्य’ तर हमखास अडतो. हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेल्या कन्व्हर्टरमधून ‘दऱ्या’ शिरल्या की ‘दर्या’ होऊन बाहेर येऊ शकतात. शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमला दोन्ही शब्द बरोबरच वाटतात. म्हणून रूपांतर झाल्यावर छापील अंक शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचावी लागते. आमच्याकडे हे काम मुद्रितशोधन करणाऱ्या ताई करतात आणि वेबसाइटच्या अंदाजपत्रकात त्याचा वेगळा खर्च धरावा लागतो.

इथे निदान अक्षरं शिल्लक तरी होती. त्याच अंकाची शीर्षकं मात्र कर्व्ह्जमध्ये होती. कोरलमध्ये कंट्रोल-क्यू दाबलं की अक्षराचा टाइप संपतो आणि त्याची नुसती बाह्यरेषा उरते. मांडणीकार हे विचारपूर्वक करतात. छापखान्यातल्या संगणकावर तोच फाँट असेल याची खात्री नसते, आणि फाँट बदलला तर सगळी पानं हलतात. प्लेट निघण्याआधी कर्व्ह्ज करणं ही छपाईतली शहाणी सवय आहे. वेबवर मात्र तसं शीर्षक शोधून सापडत नाही, कॉपी होत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर त्याच्यावरून न थांबता पुढे जातो. त्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक निघाली तर एक वेलांटी बदलायला अख्खं शीर्षक नव्याने करावं लागतं.

“दादा, कर्व्ह्ज करायच्या आधीची फाइल आहे का?” हा प्रश्न मी आता पहिल्याच फोनवर विचारते. कधी असते. कधी तिच्यावरच सेव्ह झालेलं असतं.

लोगोचं उलटं आहे. तिथे बाह्यरेषाच हवी असते, कारण लोगो बोटाच्या नखाएवढा आणि भिंतीएवढाही सारखाच रेखीव दिसायला हवा. त्यासाठी एसव्हीजी. ही फाइल मुळात साधा मजकूर असते, नोटपॅडमध्येही उघडते. मी ती तशी उघडून पाहतेच. आत वळणांचे आकडे दिसले तर लोगो खरा रेषांचा आहे. एकच ‘इमेज’ टॅग आणि त्यामागे पानंच्या पानं अर्थहीन अक्षरं दिसली, तर कुणीतरी जेपीजी आत ठेवून नाव तेवढं एसव्हीजी दिलंय. असा लोगो मोठा केला की फाटतो.

फोटोंमध्ये अडचण मापाची आणि रंगांची. ए-फोर पान ३०० डीपीआयला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचं होतं. मोबाइलवर एवढं पाठवणं म्हणजे वाचकाचा डेटा वाया घालवणं. शिवाय छपाईचे फोटो सीएमवायकेत असतात, पडदा आरजीबीत चालतो. सीएमवायकेत रूपांतर झालं की हिरवा-निळा मळकट होतो, आणि गेलेला रंग परत आणता येत नाही. म्हणून छपाईसाठी बदलण्याआधीचे मूळ फोटो मागून घ्यावेत. त्यातून वेबपी किंवा जेपीजी बनवणं सोपं काम आहे.

आता तरुण डिझायनर फिग्मात काम करतात. फाइल पाठवायची नसते, लिंक येते, मापं आणि रंगांचे कोड तिथेच वाचता येतात. बरंच सुटसुटीत झालंय. पण डिझाइन इंग्रजी नमुना मजकुरावर केलेलं असेल तर मराठी ओतल्यावर ते मोडतं. ओळींमधलं अंतर कमी पडतं, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. इंग्रजी शीर्षकाला शोभणारं अक्षरांमधलं मोकळं अंतर मराठीला दिलं की शिरोरेषा तुटते. मी डिझायनरना सुरुवातीपासून खरा मराठी मजकूर वापरायला सांगते, आणि फाँट मुक्त परवान्याचा घ्यायला. उदाहरणार्थ, ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ घेतला तर तोच फाँट डिझाइनमध्ये, वेबवर आणि छपाईतही चालतो.

हे सगळं निस्तरायची जबाबदारी मांडणीकारावर टाकणं अन्यायाचं आहे. त्यांना छपाईची पीडीएफ करण्याचे पैसे मिळतात, आणि ती ते चोख करतात. निर्णय प्रकाशकाने आणि संपादकाने घ्यायचा आहे, तोही काम देतानाच. करारात तीन ओळी पुरतात: अंतिम शुद्ध मजकुराची युनिकोड प्रत, कर्व्ह्ज करण्याआधीची उघडी फाइल, आणि मूळ फोटो. या तिन्ही गोष्टी छपाईच्या पीडीएफसोबत संस्थेच्या ताब्यात आल्या पाहिजेत आणि त्यांचे पैसे मांडणीकाराला वेगळे मिळाले पाहिजेत.

इतक्या वर्षांचे दिवाळी अंक आज कोरलच्या जुन्या आवृत्त्यांत आणि कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर पडून आहेत. त्यातला एखादा लेख कुणी मराठीत शोधला तर तो सापडायला हवा. येत्या अंकाची युनिकोड प्रत आत्ताच मागून ठेवली, तर निदान त्याच्यासाठी पुढे कुणाला कन्व्हर्टर शोधावा लागणार नाही.