गायिकेला सापडलेली दीर्घिका

हुमनाबादजवळच्या माणिकनगरला दत्तजयंतीच्या उत्सवात संगीत दरबार भरतो. आपल्याकडील जुन्या घराण्यांपैकी पुष्कळांची तेथे दरसालची वारी असते. त्या रात्री आकाशाकडे कोण पाहतो? शिवाय पौर्णिमा! परंतु पंधरा दिवस आधी, कार्तिक अमावास्येच्या सुमारास, बिदर-कलबुर्गीच्या माळावर रात्री आठाला दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. तिमिंगल राशीतला एक ठळक तारा त्या बाजूला एकटाच दिसतो. साधी दोन डोळ्यांची दुर्बीण त्याच्या खाली सातेक अंश उतरवली, की एक फिकट, लांबट डाग सापडतो. शिल्पकार तारकासमूहातील ही सर्पिल दीर्घिका. क्रमांक एनजीसी 253. तिचा उजेड येथवर यायला एक कोटीहून अधिक वर्षे लागतात. तिची चकती आपल्याला जवळजवळ कडेने दिसते, म्हणून ती अशी चातीसारखी निमुळती.

ही प्रथम पाहिली ती एका गायिकेने. कॅरोलाइन हर्शेल ही हॅनोव्हरच्या लष्करी बँडमधील वादकाची मुलगी. भाऊ विल्यम इंग्लंडात बाथ येथे ऑर्गन वाजवी, शिकवण्या करी. त्याने तिला गाण्यात तयार केले. हँडेलच्या रचना ती सभेत गाऊ लागली. पुढे भावाला दुर्बिणींचे वेड लागले आणि बहिणीच्या रियाजाचे तास त्याच्या हाताखाली राबण्यात गेले. आठवणींत तिने हे नोंदवून ठेवले आहे. 1781 मध्ये त्याला युरेनस सापडला. 1782 मध्ये तो तिसऱ्या जॉर्ज राजाचा ज्योतिषी झाला. तिचे गाणे तेथेच थांबले. 23 सप्टेंबर 1783 रोजी लहानशा दुर्बिणीतून तिला हा डाग दिसला. तिकडे तो क्षितिजावर जेमतेम 12 अंश चढे; बिदरला चांगला 47 अंश चढतो.

1787 पासून तिला राजाकडून वर्षाला 50 पौंड मिळू लागले. आठ धूमकेतू तिने शोधले. एवढ्याने गाण्याची भरपाई झाली, असे म्हणणारे म्हणोत. मला म्हणवत नाही. माझे वडील दरबारात गात. घरी रियाजाला आत्या तंबोऱ्यावर बसे, आणि त्यांची एखादी जागा निसटली की ती हलकेच पुरी करी. बाहेर तिला कोणी ऐकले नाही.

मागल्या कार्तिकात माणिकनगरच्या वाटेवर मी दुर्बीण डोळ्यांना लावली. हात थरथरत होते, डाग ठरेना. अखेर एका पडक्या भिंतीला पाठ टेकवली, तेव्हा दिसला.