पाण्याची पातळी आणि पाण्याची पाळी : दोन्ही शिकणारे संशोधक



पीएच.डी.चा एखादा विद्यार्थी आपल्या विहिरीची पातळी मोजावयास येतो. आकडा टिपून झाला की विचारतो, "विहिरीत किती भावांचा हिस्सा? पाळी कशी लावता? शेजारी बोअर कधी पाडला?" हा पाणी शिकावयास आला की भाऊबंदकी, असे आपणास वाटते. त्याला दोन्ही शिकावयाचे असते. निसर्गातील आणि समाजातील बदल एकत्र अभ्यासणाऱ्या या शिक्षणास आंतरविद्याशाखीय संशोधन म्हणतात.

अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या किनारपट्टीत भूजलाचा इतका उपसा झाला की समुद्राचे खारे पाणी जमिनीखाली शिरू लागले. राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पीएच.डी.साठी हाच विषय घेतला व १९६५ मध्ये पदवी मिळविली. उपसा करणाऱ्यांनी आपसात मर्यादा कशी ठरवून घेतली, हे त्यांना पाहावयाचे होते. पण भूजल कसे भरते व कसे आटते हे समजल्याशिवाय ते उलगडले नसते. पुढे १९७३ मध्ये पती व्हिन्सेंट यांच्यासह त्यांनी इंडियाना विद्यापीठात एक अभ्यासकेंद्र काढले आणि त्याला 'वर्कशॉप', म्हणजे कार्यशाळा, असे नाव दिले. दोघांना सुतारकामाची आवड होती. उमेदवार जसा मिस्त्रीच्या हाताखाली शिकतो, तसे विद्यार्थ्याने शिकावे ही कल्पना! २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पक्का बंधारा, कोरडे शेपूट

आपल्या उपयोगाचे उदाहरण नेपाळचे आहे. तेथील शंभराहून अधिक सिंचन योजनांची ऑस्ट्रॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी तुलना केली. शेतकऱ्यांनी चालविलेल्या, दगडमातीच्या कच्च्या बंधाऱ्यांच्या योजनांत शेपटाकडील शेतांना पाणी पोहोचण्याचे प्रमाण सरकारी पक्क्या योजनांपेक्षा चांगले आढळले. असे का व्हावे? कच्चा बंधारा दरवर्षी दुरुस्त करावा लागे व त्यासाठी शेपटाकडील शेतकऱ्यांचे हात हवे असत. म्हणून पाणी वाटताना मुखाकडील मंडळींना त्यांचा विचार करावा लागे. सिमेंटचा बंधारा आला, हातांची गरज उरली नाही आणि खालच्यांचा शब्दही उरला नाही. केवळ बंधारा पाहणाऱ्या अभियंत्याने या कामास पुरे गुण दिले असते.

धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीची माहिती असणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. एका फडात एकच पीक आणि पाणी द्यावयास पाटकरी, ही व्यवस्था पाटाचा उतार मोजून कळत नाही.

शिक्षण कसे असते?

अशा विद्यार्थ्यास साधारणतः निरनिराळ्या विषयांचे दोन-तीन मार्गदर्शक असतात. माती-पाण्याची मोजणी, उपग्रह छायाचित्रांचे वाचन आणि घरोघर मुलाखती हे सर्व त्याला यावे लागते. वेळ अधिक लागतो. धोकाही आहे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसे दोन्ही शास्त्रे अर्धवट राहिलेले विद्यार्थी निघू शकतात. म्हणून एका विषयाचा पाया पक्का करून मगच दुसऱ्यात शिरावे, असे आमचे मत आहे.

आपण काय करावे?

बोअर किती फूट गेला, किती कोरडे गेले, उन्हाळ्यात मोटार किती तास चालते, हे खरे सांगावे. पाहुण्यासमोर गावाची शोभा नको म्हणून पाळीचे तंटे लपवू नयेत. त्याचे निम्मे संशोधन तेथेच असते. केवळ मुखाकडच्या, रस्त्यालगतच्या वस्त्यांवर न थांबता त्याला शेपटाकडेही न्यावे. पाणी भरणाऱ्या बायकांशी आणि भूमिहीनांशी त्याची गाठ घालून द्यावी. मात्र आपली माहिती कोठे वापरणार, नावे गुप्त ठेवणार का, हे आधी विचारून घ्यावे. काम संपल्यावर निष्कर्ष मराठीत लिहून ग्रामसभेत वाचून दाखविण्याची अट पहिल्याच दिवशी घालावी. आकडे चुकले असतील तर ते तेथेच दुरुस्त करता येतात.